मदत हवी आहे: फ्लॅग फुटबॉलमध्ये आमचा पास कायम उशिरा का पोचतो?

नमस्कार मंडळी. फुटबॉल म्हणजे इथला, लंबगोल चेंडूचा. न्यू जर्सीत लेकाच्या टीमला (११-१२ वर्षांची पोरं, ५ विरुद्ध ५) कोच मिळेना, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. मी जन्माचा क्रिकेटवाला.

पळणं, फ्लॅग ओढणं (इथे पाडापाडी नाही, चेंडूवाल्याच्या कमरेची पट्टी ओढून त्याला थांबवायचं) झकास. घोडं अडतं ते पासिंगला. परवाच्या शनिवारी उजवीकडच्या मुलाला स्लँट दिला होता: ३ पावलं सरळ, मग आत तिरकं. पठ्ठ्या अगदी मोकळा सुटला. लेक, म्हणजे आमचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा), ३ पावलं मागे गेला, नीट बघून घेतलं, मग फेकला. तोवर डिफेंडर हजर. इंटरसेप्शन, पास त्यानेच झेलला! त्यात आमचा सेंटरही (चेंडू मागे देऊन डाव सुरू करणारा) तिथेच, हात वर करून "मला, मला" करत.

बिल वॉल्श या नावाजलेल्या अमेरिकन फुटबॉल कोचच्या पद्धतीबद्दल वाचून हे बसवलंय. क्वार्टरबॅकची पावलं रिसीव्हरच्या (पास झेलणाऱ्याच्या) पावलांशी बांधलेली, वॉल्शचा क्वार्टरबॅक जो मोंटाना खेळायचा तसं. कागदावर चोख जुळतं. पास क्लॉक, म्हणजे पास फेकायची मुदत, ७ सेकंदांचं, म्हणजे वेळही भरपूर. मग चुकतंय कुठे? पोराचा हात कमी पडतोय का?

प्रतिसाद:
हाताचा काही संबंध नाही. मुलगा स्नॅप, म्हणजे सेंटरने मागे दिलेला चेंडू, कुठे उभा राहून घेतो? मोंटाना बहुतेक वेळा सेंटरच्या पाठीला चिकटून चेंडू घ्यायचा, म्हणून त्याला मागे जावं लागे. तुमचा आधीच शॉटगनमध्ये, म्हणजे सेंटरपासून काही यार्ड मागे उभा असेल, तर ती ३ पावलं स्नॅपचा चेंडू हवेत असतानाच संपली म्हणायची. एकच पाऊल द्या, आणि रिसीव्हर वळत असतानाच चेंडू हातातून सुटू दे. रनआउटचा थ्रो आठवा ना, फील्डर स्टंपपाशी पोचेपर्यंत कोणी थांबतं का?

सेंटरचं म्हणाल तर या वयात सगळे चेंडूकडे धावतात. मैदान रुंदीला जेमतेम २५-३० यार्ड. दोघं जवळ आले की एकच डिफेंडर दोघांना पुरतो. सेंटरला स्लँटच्या उलट बाजूला ५ यार्डांवर जाऊन वळायला सांगा. सरावाला तिथे प्लास्टिकचा कोन (शंकू) ठेवा. "थोडं लांब जा" हे पोरांना कळत नाही, कोन कळतो.

धागाकर्ता:
अहो, तो चांगला ५ यार्ड मागे उभा असतो! वर ती ३ पावलं मीच घोटून घेतली, आणि गाडीत घरी येईपर्यंत त्यालाच बोललो. बुधवारी सराव आहे. कोन गॅरेजमध्ये सापडले तर कळवतो.