९५ डिग्री म्हणजे भट्टी? ओव्हरक्लॉकिंग, वॅट आणि अर्धवट सल्ले

पीसीपंडित
काल नवा पीसी घेणाऱ्या एका पोराला कुणीतरी सल्ला दिला: ‘रायझन ७९५०एक्स घेऊ नकोस, ९५ डिग्रीला जातो, खोलीची भट्टी होईल. आय९-१४९००के घे, माझा ओव्हरक्लॉक करूनही ८२ च्या वर जात नाही.’ (दोन्ही प्रोसेसर, पहिला एएमडीचा, दुसरा इंटेलचा. ओव्हरक्लॉक म्हणजे चिपला कंपनीनं ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगानं पळवणं.) त्याखाली ‘सहमत’, ‘अगदी बरोबर’ची रांग. गप्प बसणार होतो, जमलं नाही.

तापमान आणि उष्णता यांतला फरक शाळेत शिकवतात हो. उदबत्तीचं टोक शेकडो डिग्रीला असतं, खोली तापत नाही. बादलीभर कढत पाण्यानं तापते. खोलीत काय येणार ते वॅट ठरवतात. ७९५०एक्सची सॉकेटवरची (बोर्डावर चिप बसते त्या खाचेतून मिळणाऱ्या विजेची) मर्यादा २३० वॅट. १४९००केची इंटेलनं कागदावर दिलेली २५३, आणि २०२४ पर्यंत बऱ्याच मदरबोर्डांनी ती मर्यादा गुपचूप उठवून ठेवलेली असायची, मग पूर्ण लोडवर गडी ३०० च्या पुढे जायचा. तुमच्या ८२ डिग्रीमागे ३६० मिमीचा वॉटर कूलर आहे, तेवढं सांगायचं राहिलं वाटतं. तो उष्णता गिळत नाही. चिपवरून उचलतो आणि तुमच्याच खोलीत सोडतो.

मग रायझन ९५ ला का जातो? ५ नॅनोमीटर तंत्रानं बनवलेल्या सिलिकॉनच्या दोन चिमुकल्या चकत्या, प्रत्येकी जेमतेम ७० चौरस मिमी. एवढ्याशा जागेतून उष्णता बाहेर काढायची, वर जाड झाकण, कारण एएम४ या आधीच्या सॉकेटचे जुने कूलर बसले पाहिजेत. शिवाय ९५ हे एएमडीनं ठरवूनच दिलेलं लक्ष्य आहे: पूर्ण लोडवर तिथपर्यंत पळ, मग वेग सावर. उत्तम कूलर लावलात तर आकडा ९५ च्या आसपासच दिसेल, वेग थोडा वाढेल. तो आकडा बघून घाबरणं व्यर्थ आहे.

आणि ओव्हरक्लॉकिंगचं गणित: वीज व्होल्टेजच्या वर्गानं वाढते, वेगाच्या पटीत वाढते. व्हीकोर (चिपच्या गाभ्याचं व्होल्टेज) १.२० वरून १.३५ केलात आणि वेग ५ टक्के मिळाला, तर वीज सुमारे ३३ टक्के वाढली. हा व्यवहार किराणा दुकानात कुणी केला असता का?

टर्बोतात्या
ज्याच्या सल्ल्यावर हे कीर्तन चाललंय तो मीच. नाव घेतलं नाहीत, आभारी आहे.

तुम्ही दिवसभर सिनेबेंच (चिपला पूर्ण राबवणारी चाचणी) चालवता का हो? मी ऑफिसचं काम करतो, रात्री गेम खेळतो. गेममध्ये २५३ वॅट बघायलाही मिळत नाहीत. आणि पीसी नुसता चालू असताना काय? तुमचा चिपलेटवाला (वेगवेगळ्या चकत्या जोडून केलेला) रायझन डेस्कटॉपवर निवांत बसून इंटेलपेक्षा जास्त वीज पितो, चकत्यांमधल्या दळणवळणासाठी आयओ डाय ही आणखी एक चकती सतत जागी. माझा पीसी दिवसातले बरेच तास फक्त ब्राउझर उघडून बसलेला असतो. ते तास तुमच्या गणितात कुठं आहेत?

आणि एएमडीवाल्यांनी वॅटवर बोलावं? २०१३ सालचा एएमडीचा एफएक्स-९५९० विसरलात? २२० वॅटचा टीडीपी (कूलरनं झेलायच्या उष्णतेचा कंपनीनं दिलेला आकडा)! तेव्हा हीच मंडळी म्हणायची, ‘परफॉर्मन्स बघा, वॅट काय बघताय’. आज इंटेलची वेळ आली तर सगळे ऊर्जासंवर्धनवाले झाले.

जुनाटसॉकेट
दोघेही बरोबर आणि दोघेही कंटाळवाणे.

ओव्हरक्लॉकिंग हा गरिबाचा खेळ होता राव. इंटेलचा स्वस्त सेलेरॉन ३००ए घ्यायचा, बस (चिपला ताल देणारी मूळ गती) ६६ वरून १०० वर न्यायची, ४५० मेगाहर्ट्झ फुकट. २०११ चा आय५-२५००के घ्या: झाकणाखाली उष्णता झटकन नेणारं सोल्डर, ९५ वॅटची चिप, साध्या एअर कूलरवर ४.५ गिगाहर्ट्झ. पुढच्याच वर्षी ३७७०केला इंटेलनं सोल्डर काढून पेस्ट भरली, आणि लोक ब्लेड घेऊन झाकणं उचकटायला बसले. मीही त्यातला. आज कंपनीच चिपला शेवटच्या मेगाहर्ट्झपर्यंत पिळून बाजारात आणते. उरलंय काय त्यात? ओव्हरक्लॉकला मोकळ्या ठेवलेल्या के चिपला जादा पैसे, तो करू देणाऱ्या झेड चिपसेटच्या बोर्डाला जादा पैसे, वॉटर कूलरला जादा पैसे, आणि हाती ३ टक्के.

पीसीपंडित
@टर्बोतात्या, रिकाम्या वेळचं मान्य. लिहून घ्या, फ्रेम करा. पण एएमडीचाच ७८००एक्स३डी बघा: १२० वॅटचा टीडीपी, गेममध्ये त्याहूनही पुष्कळ कमी, आणि बहुतेक गेममध्ये तुमच्या आय९ च्या बरोबरीला किंवा पुढे.

@जुनाटसॉकेट, पिळलेली चिप उलट्या दिशेनं सोडवायची, हेच आजचं ओव्हरक्लॉकिंग. बायोसमधल्या (बोर्डाच्या मूळ सेटिंगमधल्या) कर्व्ह ऑप्टिमायझरनं व्होल्टेज खाली ओढा, ७९५०एक्सला १०५ वॅट टीडीपीच्या इको मोडवर, म्हणजे कमी विजेच्या सेटिंगवर, टाका. सॉकेटवर १४२ वॅट लागतात आणि कामाचा वेग थोडासाच पडतो.

वर्धारोड
भाऊ, तुमचं सगळं खरं, पण तुम्ही लोक पुण्यात बसून बोलून राहिले. नागपुरात मे महिन्यात या. बाहेर ४५, खोलीत ३८. यूट्यूबवाले २१-२२ डिग्रीच्या खोलीत टेस्ट करते अन् आम्ही त्यांचे आकडे पाहून कूलर घेते. खोली १६-१७ डिग्रीनं गरम, तर चिपही तितकीच गरम. अन् रायझन तर ९५ वरच थांबते, वेग कमी करते. म्हणजे स्क्रीनवर पुण्यातही ९५ अन् नागपुरातही ९५, पण माझा व्हिडिओचा रेंडर उशिरा निघते.

मी डेझर्ट कूलरसमोर पीसी ठेवतो. डायरेक्ट वाळ्याच्या जाळीची हवा. तापमान झटकन खाली येते. काऊन कोणी हे सांगत नाही?

कोकणकिनारा
डेझर्ट कूलरसमोर?? अहो, ती दमट हवा थेट बोर्डावर? रत्नागिरीत नुसत्या समुद्राच्या हवेनं माझ्या कॅबिनेटच्या स्क्रूंना गंज चढला, रॅमच्या पट्ट्या काढून पुसाव्या लागतात. तुम्ही मुद्दाम पाणी फुंकताय!

वर्धारोड
बाप्पा, विदर्भाचा उन्हाळा कोरडा राहते. कूलर लावल्यावरही तुमच्या रत्नागिरीपेक्षा कोरडं.

पीसीपंडित
भौतिकशास्त्र वर्धारोडच्या बाजूनं आहे. पाणी थंड पृष्ठभागावर साचतं. चालू पीसीचे भाग हवेपेक्षा गरम असतात, त्यांच्यावर दव पडणार कसं? आता मूळ विषयाकडे येऊ या का?

कोकणकिनारा
पीसी बंद केल्यावर काय? आणि भौतिकशास्त्र गेलं खड्ड्यात. माझा मावसभाऊ अकोल्याला असतो, त्याचा पीसी कूलरसमोर होता. मी स्वतः उघडून बघितलाय. मदरबोर्डवर पांढरा थर, हीटसिंकच्या पात्यांमध्ये चिखल वाळून बसलेला, पंखा हातानं फिरवला तर करकरला. बोअरचं जड पाणी, दुसरं काय?

वर्धारोड
ते थेंब उडणाऱ्या कूलरचं आहे, जाळी फाटली असेल. अन् जाळी दर साल बदलावी लागते. तुमच्या मावसभावानं बदलली होती काय? विचारून सांगा.

कोकणकिनारा
त्याच्या जाळीवर घसरू नका. नवीन होती.

टर्बोतात्या
जाळी, वाळा, मावसभाऊ. छान. मला एसी आहे, कुणाला विचारायचं नाही.

बिलभरती
एसीवाल्यांनीच तर हिशेब करायला हवा. पीसीचे ३०० वॅट म्हणजे एसीला ३०० वॅट उष्णता जास्त उपसायची, त्यासाठी त्याला आणखी १०० वॅटच्या आसपास वीज. एकाच वॅटचे पैसे सव्वापेक्षा जास्त वेळा. दोन चिपमध्ये १०० वॅटचा फरक आणि रोज ४ तास पूर्ण लोड धरला, तर महिन्याला १२ युनिट नुसत्या चिपचे, एसीचे ४ वेगळे. तेवढ्यानं बिल पुढच्या टप्प्यात गेलं, की त्यापुढच्या प्रत्येक युनिटला वरचा दर. आमच्या घरी हे बिल मी भरते, नवरा ओव्हरक्लॉक करतो. त्याचा युक्तिवाद हुबेहूब टर्बोतात्यांसारखा आहे: ‘गेममध्ये एवढी खात नाही गं.’ मीटर मात्र फिरतो.

टर्बोतात्या
तुमच्या यजमानांना माझा नमस्कार सांगा.

आता मीही गंभीरपणे बोलतो. इथं कुणी टिकाऊपणाचा विषय काढत नाही. एप्रिल २०२३ मध्ये कुणाचे एक्स३डी प्रोसेसर सॉकेटमध्ये जळाले? बोर्डांनी एसओसी व्होल्टेज (चिपमधल्या मेमरी वगैरे सांभाळणाऱ्या भागाचं) भलतं दिलं आणि एएमडीला १.३ व्होल्टची लक्ष्मणरेषा आखावी लागली. जळलेल्या चिपचं तापमान किती हो, पंडित?

पीसीपंडित
काढलात ना विषय? मग पूर्ण काढा. २०२४ मध्ये १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या इंटेल चिप कशानं सडत होत्या? चिप स्वतःच जास्त व्होल्टेज मागत होती. ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ मायक्रोकोड (बायोसमधून येणारी चिपच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) आला, मागणी १.५५ व्होल्टवर बांधली, वॉरंटी दोन वर्षं वाढवली. हे ओव्हरक्लॉक न केलेल्यांच्याही नशिबी आलं. आणि झालेलं नुकसान मायक्रोकोडनं भरून येत नाही. तुम्ही त्या पोराला नेमकी हीच चिप सुचवलीत, वर ओव्हरक्लॉकची बढाई मारलीत. बायोस अद्ययावत कर, एवढी एक ओळ तरी लिहायची.

टर्बोतात्या
माझी चिप ठणठणीत आहे.

जुनाटसॉकेट
प्रत्येकाची चिप जाईपर्यंत ठणठणीतच असते. माझा पॉवर सप्लायही ठणठणीत होता. स्वस्तातला, डब्यावर ६०० वॅट छापलेले. ओव्हरक्लॉक करून प्राइम९५ ही चिपला घाम फोडणारी चाचणी लावली आणि चहा आणायला गेलो. ‘फट्’ आवाज, जळक्या वार्निशाचा वास, घरभर अंधार. आईनं आजतागायत माफ केलेलं नाही. चिप वाचली. तेव्हा दोन्ही पक्षांना विनंती, प्रोसेसरवर भांडण्याआधी त्याला वीज पुरवणाऱ्याकडे बघा.

टर्बोतात्या
बरं, चला. पोराला नवा निरोप देतो: ‘बाळा, वॅटच्या बाबतीत पंडितकाका बरोबर होते, ७८००एक्स३डी घे. कंटाळा आला की माझ्याकडे ये, आपण मल्टिटास्किंग करू.’ झालं समाधान?

पीसीपंडित
मल्टिटास्किंगला ७९५०एक्स आहेच की. इको मोडवर.

वर्धारोड
मंडळी, माझं राहूनच गेलं. मग मी पीसी कूलरसमोर ठेवू की नको? मोटर १५० वॅटची आहे.

बिलभरती
म्हणजे चिपचे १०० वॅट वाचवायला १५० वॅटची मोटर?

वर्धारोड
वहिनी, ती मोटर माझ्यासाठी आहे. मीही त्याच खोलीत राहतो.

कोकणकिनारा
मावसभावाला विचारलं. जाळी दोन वर्षं जुनी होती म्हणतोय. पण पांढरा थर होताच.