मसाई मारा ट्रिप: तारीख, खर्च आणि मसाई गावाचा विषय

सी-502 (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी, सोसायटीच्या केनिया ट्रिपचं (मसाई मारा जंगल सफारी) आज फायनल करून टाकू. पार्किंगचे मेसेज इथे नकोत, त्याला वेगळा ग्रुप आहे.

ए-103: दिवाळीच्या सुट्टीत ठेवा ना, मुलांची शाळा बुडत नाही

बी-402: ताई दिवाळीपर्यंत विल्डबीस्टचे (तिकडची मोठी हरणं) कळप बहुतेक खाली सेरेंगेटीकडे निघून गेलेले असतात, टांझानियात. मारात ते साधारण जुलै ते ऑक्टोबर. आणि नदी क्रॉसिंग, कळप नदी ओलांडतात ते, म्हणजे काय आरती नाही साडेसातला होणारच म्हणायला, आम्ही अख्खी दुपार मारा नदीच्या काठावर गाडीत बसून होतो, विल्डबीस्ट काठापर्यंत यायचे, पुढचा एक पाण्याकडे बघत उभा राहायचा आणि मग काय वाटायचं कोण जाणे सगळेच मागे वळायचे

ए-103: म्हणजे दिसलंच नाही??

बी-402: दुसऱ्या दिवशी दिसलं. धूळ इतकी की फोटोत नुसता धुरळा.

डी-101: ऑगस्ट करा. सप्टेंबरात गणपती, मंडपाचं कोण बघणार

सी-502 (सेक्रेटरी): ऑगस्ट चालेल. पण कोटेशनमध्ये पार्क फी वेगळी लिहिलीय ती बघा आधी.

बी-402: हो ती मोठी आहे. 2024 पासून बाहेरच्या देशातल्या मोठ्या माणसाला जुलै ते डिसेंबर दिवसाला 200 डॉलर, जानेवारी ते जून 100. मुलांना कमी. आणि तिकीट बारा तासांचं, सकाळी 6 ते संध्याकाळी 6, त्यामुळे नैरोबीहून पाच-सहा तास गाडीत बसून दुपारी चारला गेटवर पोचलात तर दोन तासांसाठी पूर्ण दिवसाचे पैसे गेले. पहिल्या दिवशी आत जायचंच नाही असं एजंटला सांगा.

ई-203: ताडोबात एवढ्यात आख्खं खानदान जाऊन येईल 😄 वाघ तरी दिसतो

बी-402: दादा आफ्रिकेत वाघ नाहीतच. सिंह मात्र गाडीच्या सावलीत येऊन झोपतात

ए-604: इटिनररीत "मसाई व्हिलेज, ऑप्शनल" असं आहे, म्हणजे तिथल्या गुरं पाळणाऱ्या मसाई लोकांचं गाव. मला हे पटत नाहीये. माणसं बघायला तिकीट काढून जायचं, ते आपल्यासमोर उड्या मारणार, आपण व्हिडिओ काढणार. कसंतरीच वाटतं.

ई-203: अहो त्यांना पैसे मिळतात ना पण

ए-604: कोणाला मिळतात हाच तर प्रश्न आहे

बी-402: ए-604 ताईंचं बरोबर आहे आणि तरीही मी म्हणेन जाऊया, फक्त नीट विचारून. आम्ही गेलो तेव्हा माणशी 20 डॉलर ड्रायव्हरने गोळा केले, गावात किती पोचले देव जाणे. यावेळी पैसे गावातल्या प्रमुख माणसाच्या हातात आपण स्वतः द्यायचे आणि फोटोचं आधीच विचारून घ्यायचं. उड्या म्हणजे अदुमू, ते मोरान म्हणजे तरुण मुलांचं त्यांच्या समारंभातलं नाचणं आहे, आपल्यासाठी छोटं करून दाखवतात एवढंच. मला स्वतःला घरं जास्त आवडली, बायकाच बांधतात, काटक्या माती आणि शेण, आत इतका अंधार की डोळे सरावायला वेळ लागतो आणि मधोमध चूल. भोवती काटेरी झुडपांचं कुंपण, रात्री गुरं त्याच्या आत.

एफ-301 (आजी): शेणाने सारवतात होय! माझं निम्मं आयुष्य त्यात गेलं, मला काय दाखवणार ते 😀

बी-402: आजी तुम्हाला अजून एक आवडेल, तिथली लहान मुलं मोठ्यांसमोर डोकं पुढे करतात, मोठ्यांनी डोक्यावर हात ठेवायचा. नमस्काराची पद्धत आहे ती.

ए-604: हे छान आहे. पण बाकीचंही मुलांना सांगूया ना. इंग्रजांनी 1904 चा करार करून मसाईंना रिफ्ट व्हॅलीतल्या कुरणांतून हलवलं आणि 1911 चा करार करून केनियातल्याच लायकिपिया पठाराच्या चांगल्या कुरणांतूनही, आणि आज रिझर्व्हमध्ये त्यांची गुरं चारायला बंदी आहे. आपण 200 डॉलर देऊन जिथे फिरणार तिथे त्यांची गाय चरली तर दंड.

डी-101: बापरे हे माहीत नव्हतं

बी-402: म्हणूनच निदान दोन रात्री कॉन्झर्व्हन्सीत (रिझर्व्हला लागूनच असलेलं वेगळं राखीव क्षेत्र) राहा असं माझं मत, नाबोइशो किंवा ओलारे मोतोरोगी. तिथे जमीन मसाई कुटुंबांच्या नावावर आहे, कॅम्पवाले त्यांना भाडं देतात, आणि एका सिंहापाशी चार-पाचच गाड्या. मेन रिझर्व्हमध्ये एका चित्त्याभोवती गाड्यांचा जो गराडा पडतो तो बघून मला दादरची आठवण झाली, चित्ता बिचारा शिकार सोडून निघून गेला. महाग आहे, खोटं कशाला बोलू.

सी-502 (सेक्रेटरी): एक रात्र कॉन्झर्व्हन्सी, दोन बाहेर, असं कोटेशन मागवतो. गावाला ज्यांना यायचं ते येतील, बाकीचे कॅम्पवर. वाद नको.

ए-604: मी येईन. पैसे मात्र थेट द्यायचे, आणि मणीकाम घ्यायचं तर करणाऱ्या बाईकडूनच.

ए-103: थेपले, चिवडा झिपलॉकमध्ये भरले तर चालेल ना?

बी-402: नको!! 2017 पासून तिथे प्लॅस्टिक पिशव्यांना बंदी आहे आणि दंड जबरी. पार्कात पाण्याची डिस्पोजेबल बाटलीही चालत नाही. स्टीलचे डबे आणि कापडी पिशव्या. स्वेटर पण घ्या, सकाळी उघड्या टपाच्या गाडीत कुडकुडायला होतं, आफ्रिका म्हणून नुसते टीशर्ट भरू नका.

सी-502 (सेक्रेटरी): महत्त्वाचं. यलो फीव्हरची लस सगळ्यांनी लवकर घ्या, सर्टिफिकेट दहा दिवसांनी लागू होतं, आणि ते नसेल तर परत येताना इथल्या एअरपोर्टवर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करतात. ही लस फक्त सरकारमान्य सेंटरवर मिळते, फॅमिली डॉक्टरकडे नाही.

बी-402: आणि साठीच्या पुढच्यांनी आधी डॉक्टरांना विचारा, त्या वयात ही लस सरसकट देत नाहीत. आजी तुम्ही खास

एफ-301 (आजी): सोमवारी जाऊन विचारते. तोवर माझं नाव पेन्सिलने लिहा, खोडू मात्र नका

ई-203: काका माझे दोन लिहा. आणि पार्किंगमधली पांढरी स्विफ्ट कोणाची आहे, माझी गाडी अडकलीय