गाडी घेणार मी, आणि शोरूमवाले बोलतात भावाशी

पर्वतीपायथा
मंडळी, पहिलीच गाडी घेते आहे. पैसे माझे, चालवणारही मीच. मुख्य कारण आई. तिच्या गुडघ्यांना रिक्षात चढणं झेपत नाही. ऑटोमॅटिक पेट्रोल हॅचबॅक, एक्स-शोरूम साडेआठ लाख. इतकं पक्कं ठरवून गेले तरी जीव मेटाकुटीला आलाय.

सेल्समन प्रत्येक वेळी भावाकडे बघून बोलतो. मायलेज मी विचारलं, उत्तर त्याला. टेस्ट ड्राइव्हला ऑटोमॅटिक मागितली तर "मॅडम, गाडी तीच आहे, फक्त गिअर वेगळे" म्हणत मॅन्युअल पुढे केली. माझं ऑफिस बावधनला. चांदणी चौकाच्या चढावर ट्रॅफिकमध्ये थांबून पुन्हा निघताना गाडी मागे सरकते का, एवढंच मला बघायचं होतं. त्यांनी शोरूमला वळसा घालून परत आणलं. आईला बसवून बघू म्हटलं, तर दोन गाड्यांच्या मध्ये दार अर्धंच उघडत होतं. गाडी हातभर पुढे घ्यायलाही कोणी तयार नाही. आई उभी राहून राहून थकली, याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

आता कोटेशन: आरटीओ १,१२,०००, हँडलिंग ९,५००, 'इसेन्शियल किट' २४,०००. इन्शुरन्स त्यांच्याकडूनच. किट नको म्हटलं तर "मग डिलिव्हरी लांबेल". यातलं नेमकं काय द्यावंच लागतं?

आणि एक मनातलं. मला लहानपणापासून टाटा सिएरा आवडते, १९९१ ची, तीन दारांची, मागच्या काचा वर छतात वळलेल्या. बाबा पिंपरीला टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) होते, त्यामुळे ती गाडी आमच्या घरातलीच वाटायची. नवी पाच दारांची आली, चांगलीच आहे, पण जीव जुनीवरच. पुण्यात कोणी अजून चालवतं का?

हिशेबनीस
ताई, आधी आरटीओ. वैयक्तिक नावावर दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के कर. साडेआठ लाखांचे झाले ९३,५००. सेस, नोंदणी शुल्क, स्मार्टकार्ड, कर्जाचा बोजा चढवायची फी, सगळं धरलं तरी १,१२,००० होत नाही. "कराची सरकारच्या वाहन पोर्टलवरची पावती द्या, पावतीइतकेच देईन" असं ईमेलवर लिहा. तोंडी काही नको.

हँडलिंगचा आकडा खोडायला सांगा. गाडी गोदामातून शोरूमला आणणं हा त्यांच्या धंद्याचा खर्च आहे. किट म्हणजे बहुधा मॅट, मडफ्लॅप आणि सीट कव्हर. हव्या त्याच वस्तू घ्या.

इन्शुरन्स कुठूनही घेता येतो. नव्या कारला थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीची) पॉलिसी ३ वर्षांची लागते, हा नियम २०१८ पासून आहे. ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीची, १ वर्षाची चालते. बाहेरून कोटेशन काढा, पण आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि झिरो डेप (भागांची घसारा न कापता भरपाई) दोन्हीकडे सारखं ठेवा, नाहीतर तुलना फसवी होते. पॉलिसीसाठी चासी नंबर (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला) लागेल, तो मागून घ्या.

घाटवाट
मी चालवतो! जुनी सिएरा, डिझेल. रविवारी पहाटे दिवेघाटातून सासवड. काचेतून मागे सगळं आकाश दिसतं, लेकीने तिथली जागा कधी सोडली नाही. पण रोजच्या वापराला घेऊ नका. १५ वर्षांनंतर पुनर्नोंदणी, मग दर ५ वर्षांनी पुन्हा तेच, शिवाय पर्यावरण कर. काचा आणि दाराची रबरं मिळवणं हे तर वेगळंच काम. आणि आईंचं काय? मागे बसायचं तर पुढची सीट दुमडून आत शिरावं लागतं, पुढे बसायचं तर उंच चढावं लागतं. त्या गुडघ्यांना ते नको. तुम्हाला मात्र एक चक्कर जरूर मारून आणेन, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

पर्वतीपायथा
हिशेबनीस, ईमेल पाठवला. आज पहिल्यांदाच फोन भावाला न येता मला आला, आणि हँडलिंग काढलं! आरटीओच्या आकड्यावर अजून टाळाटाळ चालू आहे. मी धरून बसले आहे.
घाटवाट, येणारच. आईला सांगितलं तर म्हणते, बाबांच्या जागी मी बघून येते.

गॅरेजकाका
बाळा, आयुष्य गॅरेजात गेलं, म्हणून सांगतो. टेस्ट ड्राइव्ह घरी मागव. पाठवतात, आग्रह धर. तुमच्याच पार्किंगमध्ये दार पूर्ण उघडून आईंना बसव. बसताना खाली धपकन जायला नको आणि वर चढायलाही नको, सीट त्यांच्या मांडीच्या पातळीला हवी. उतरताना हात कुठे टेकतात तेही बघ. मग तिथूनच चांदणी चौकाला घेऊन जा. ऑटोमॅटिकमध्ये एएमटी (मॅन्युअलचाच गिअरबॉक्स, गिअर आपोआप पडतात) आहे की सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारा, ठरावीक गिअर नसलेला) ते विचार. एएमटी चढावर ब्रेक सोडला की थोडी मागे येते, म्हणून हिल होल्ड (चढावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय) आहे का ते चालवूनच बघ, कागदावर नको.

आणि नोंदणी व्हायच्या आधी यार्डात जाऊन तुला मिळणारी गाडी दिवसाउजेडी बघ. चासी नंबर जुळव, टायरवर छापलेला त्याच्या निर्मितीचा आठवडा आणि वर्ष वाच. उत्पादनाचा महिना फॉर्म २१ वर (डीलरचं विक्री प्रमाणपत्र) येतो, तो आधीच लेखी माग. नंबर पडला की गाडी बदलून देत नाहीत, म्हणून उरलेले पैसे ही तपासणी झाल्यावरच भर.