प्रतिसाद : दुष्काळात ॲरिझोनातील एल्कची शिकार

सप्टेंबरमध्ये धनुष्यबाणाने शिकारीला जाताना पाऊस नसेल तर भरलेल्या एखाद्या पाणवठ्यालगतच तंबू ठोकावा, एल्क (थोराड जातीची हरणे) आपोआप तिथे येतील, या सल्ल्याशी मी सहमत नाही. परिसरात तेवढेच पाणी उरले असेल आणि तंबूमुळे वन्यप्राण्यांची किंवा गुरांची तिथली वाट अडत असेल, तर पाव मैलाच्या आत मुक्काम करणे ॲरिझोना या अमेरिकन राज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी तहानलेल्या कळपाला शेवटच्या तळ्यापासून हुसकावणे मला पटले नसते.

जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेरे (रानात लावून ठेवायचे, प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारे) वापरण्यासही तिथे बंदी आहे. त्यामुळे आधी चार दिवस जाऊन गुरांसाठी बांधलेली कोणती तळी खरोखर भरलेली आहेत, कडेच्या चिखलात ताजे खूर उमटले आहेत का, हे स्वतः पाहणे, आणि मग पाणी व सावलीची विश्रांतीची जागा यांमधल्या वाटेवर, वाऱ्याची दिशा सांभाळून बसणे, हेच योग्य.

वणव्याच्या धोक्यामुळे जून २०२१ मध्ये कोकोनिनो आणि कायबॅब ही राष्ट्रीय वने लोकांसाठी पूर्ण बंद झाली होती. निघण्यापूर्वी असे आदेश अवश्य तपासावेत.

सर्वांत मोठी काळजी मांसाची. एल्कचा नर तीनशे किलोंच्या आसपास भरतो, आणि जाड कातड्याखाली, विशेषतः मांडीच्या हाडाभोवती, उष्णता अडकून उन्हात मांस लवकर नासते. कातडे लगेच काढून, मांस हाडापासून सोडवून, सुती पिशव्यांत सावलीत टांगावे. बर्फ गाडीत आधीच हवा, आणि गाडीपर्यंत ओझे वाहून नेता येणार नसेल इतक्या दूर बाण सोडूच नये.