शब्दचर्चा : कमी दाबाचा 'पट्टा' की 'क्षेत्र'?

प्रश्न : हवामानाच्या बातम्यांत 'कमी दाबाचा पट्टा तयार झाला' आणि 'कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले' अशी दोन्ही वाक्ये आढळतात. हे शब्द समानार्थी समजावेत का? शिवाय 'कमी' म्हणजे नेमका किती कमी, आणि 'वायुभार' लिहावे की 'वायुदाब'?

उत्तर : शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो. 'भार' म्हणजे वजन, आणि वजन खालच्या दिशेने असते. हवा मात्र सर्व बाजूंनी रेटते, म्हणून 'वायुदाब' हा शब्द अधिक काटेकोर आहे. जुन्या पुस्तकांतला 'वायुभार' तरीही अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही, कारण हा दाब डोक्यावरच्या हवेच्या वजनामुळेच निर्माण होतो.

समुद्रसपाटीवरील प्रमाण दाब 1013.25 मिलिबार मानतात, परंतु त्याहून खाली गेला की 'कमी' असा हिशेब नसतो. 'कमी' हे विशेषण सापेक्ष आहे. सभोवती 1008 मिलिबार असताना मध्यभागी 1004 असतील तर तिथे कमी दाब आहे. तेच 1004 मिलिबार, भोवती 1000 असल्यास, जास्त दाबाचे ठरतील.

आता मूळ प्रश्न. नकाशावर समान दाबाची ठिकाणे जोडणाऱ्या समदाब रेषा काढल्या, त्या मिटून एकात एक कडी तयार झाली आणि सर्वांत कमी आकडा मधोमध आला, तर ते 'क्षेत्र'. रेषा न मिटता एका दिशेने लांब ओढल्यासारख्या वाकल्या, तर त्याला 'द्रोणी' म्हणतात. 'पट्टा' हा शब्द मात्र विषुववृत्तावरील कमी दाबाचा पट्टा, साधारण 30 अक्षांशाजवळचे जास्त दाबाचे पट्टे, 60 अक्षांशाजवळचे कमी दाबाचे पट्टे अशा पृथ्वीला वेढणाऱ्या रचनेसाठी राखून ठेवावा, असे माझे मत आहे. हे पट्टे सूर्यामागोमाग ऋतूनुसार उत्तर-दक्षिण सरकतात, पण एका रात्रीत 'तयार' होत नाहीत. बातमीतला पट्टा बहुतेक वेळा क्षेत्रच असतो, क्वचित द्रोणी.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. क्षेत्रात चहूबाजूंनी हवा आत येते. पृथ्वीच्या परिवलनामुळे ती सरळ न येता उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरत येते (मोठ्या प्रमाणावरील अशा रचनेला 'आवर्त' म्हणतात, आणि आवर्त म्हणजे भोवरा, हे नाव किती नेमके आहे पाहा), मध्याशी पोहोचल्यावर वर चढते, थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे ढग बनतात. जास्त दाबाखाली हवा उतरते, उतरताना तापते, त्यामुळे आकाश निरभ्र राहते. जगातली अनेक मोठी वाळवंटे 30 अक्षांशाच्या आसपास असण्याचे हे एक मुख्य कारण आहे.

पुरवणी : याच विषयातला 'व्यापारी वारे' (30 अक्षांशाजवळच्या जास्त दाबाच्या पट्ट्यांकडून विषुववृत्ताकडे, पूर्वेच्या बाजूने येणारे वारे) हा शब्दही तपासून घ्यावा. 'ट्रेड' या ज्या इंग्रजी शब्दाचे हे भाषांतर आहे, त्याचा जुना अर्थ 'वाट, ठरलेला मार्ग' असा होता, आणि एकाच दिशेने सातत्याने वाहणारे ते असे वारे, हा मूळ आशय होता. व्यापाराचा अर्थ नंतर प्रबळ झाला आणि मराठीने नेमका तोच उचलला. त्यापेक्षा 'पूर्वीय वारे' बरे.

तिथेही एक खाच आहे. वाऱ्याला नाव मिळते ते तो जिकडून येतो त्या दिशेचे. 'पूर्वेकडील वारे' असे लिहिले की 'पूर्वेकडे जाणारे' असा समज होऊ शकतो; बोलीतल्या 'पूर्वेचा वारा सुटलाय' या वाक्यात तो घोटाळा मुळीच होत नाही. दक्षिण गोलार्धातले आग्नेय वारे विषुववृत्त ओलांडून उत्तरेत शिरले की उजवीकडे वळतात, आणि हवा तीच असूनही भारताकडे येताना ते नैर्ऋत्य मोसमी वारे म्हणवले जातात.