मदत हवी आहे: अलीकडच्या ॲप्सची यादी साफ केली की ॲपचं सिंक मरतं

नमस्कार मंडळी. नागपुरात कळमन्याच्या एका संत्रा अडत्यासाठी कोटलिनमध्ये अँड्रॉइड ॲप करतोय. लिलाव सुरू असताना मुनीम शेतकऱ्याचं नाव, क्रेट, भाव टाकतो. नोंद आधी फोनमधल्याच रूम डेटाबेसमध्ये बसते आणि नेटवर्क आलं की वर्कमॅनेजर (मागं राहून कामं उरकणारी अँड्रॉइडची लायब्ररी) ती सर्व्हरवर चढवतो.

माझ्या फोनवर झकास चालतं. मुनीमभाऊंच्या स्वस्तातल्या फोनवर मात्र त्यांनी बोटानं अलीकडची ॲप्स साफ केली की सगळं ठप्प, पुन्हा ॲप उघडेपर्यंत नोंदी तिथंच. शेठ टॅबवर आकडे शोधत बसतात अन् शिव्या मला!

एडीबीने (कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा देणारं टूल) माझा फोन जबरदस्ती डोझमध्ये, म्हणजे अँड्रॉइडच्या बॅटरी वाचवणाऱ्या झोपेत, टाकून पाहिला. काम लांबतं, पण नंतर होतं. म्हणजे त्या फोनची स्वतःची बॅटरी-बचत ॲपला सक्तीनं थांबवत असावी. तसं असेल तर एफसीएमचा पुशही (सर्व्हरवरून गूगलमार्फत ॲपला येणारा निरोप) पोचणार नाही. फोरग्राउंड सर्व्हिस (नोटिफिकेशन दाखवत सतत चालणारं काम) लावायला जीव होत नाही: अँड्रॉइड १५ टार्गेट केलं की डेटा सिंक प्रकाराला २४ तासांत ६ तासच मिळतात.

अँड्रॉइड ११ पासून मिळणारी प्रोसेस बंद पडण्याची कारणं आता लॉग करतोय. अशा फोनवर ती भरवशाची असतात का? आणि ऑटोस्टार्टची (ॲपला आपोआप सुरू होऊ देणारी) सेटिंग मुनीमासारख्या माणसाकडून चालू करून घ्यायला तुम्ही ॲपमध्ये नेमकं काय दाखवता? चित्रं, व्हिडिओ, की सरळ त्या पानावर नेणारं बटण?

आयटी पार्कच्या आसपास कोणाकडे असा जुना फोन पडून असेल तर दोन दिवस द्या भाऊ, चहा-तर्री पोहे माझ्याकडून.