कमी उंचीच्या शेडसाठी चेन होइस्ट: हेडरूमचा हिशेब कसा करावा?

प्रश्न

नमस्कार. आमच्या कार्यशाळेत साचे उचलून मशीनवर चढवण्यासाठी २ टनांचा इलेक्ट्रिक चेन होइस्ट (साखळीने भार उचलणारे यंत्र) बसवायचा आहे. जमिनीपासून छताच्या गर्डरच्या तळापर्यंत ३२०० मिमी उंची मिळते. त्याखाली २५० मिमीचा आय-बीम मोनोरेल (होइस्ट धावण्याचा एकेरी रूळ) म्हणून टांगला की बीमचा तळ २९५० मिमीवर येतो. साचा ८०० मिमी उंच आहे आणि तो ११०० मिमी उंचीच्या बेडवर चढवायचा असतो. वर १०० मिमी मोकळीक धरली, तर साच्याचा माथा २००० मिमीवर जातो. ट्रॉलीला (बीमवर धावणाऱ्या गाड्याला) हूकने टांगायच्या साध्या होइस्टचे हेडरूम, म्हणजे बीमखाली होइस्ट खातो ती उंची, नकाशात ६५० मिमी दाखवले आहे आणि लो-हेडरूम होइस्टचे ३८० मिमी. हा दुसरा प्रकार बराच महाग आहे. तो घेतला म्हणजे आमची अडचण सुटेल, असे धरून चालावे का?

पहिले उत्तर

आपण मापे नीट दिली आहेत, परंतु या हिशेबात स्लिंग (भार हूकला अडकवण्याची साखळी किंवा पट्टा) कुठेच आलेली नाही आणि कमी उंचीच्या शेडमध्ये सर्वाधिक उंची बहुधा तीच खाते. हेडरूम म्हणजे बीमच्या तळापासून पूर्ण वर ओढलेल्या हूकच्या आतल्या बैठकीपर्यंतचे अंतर. आपल्या मापांनुसार साध्या होइस्टचा हूक २३०० मिमीपर्यंत आणि लो-हेडरूमचा २५७० मिमीपर्यंत जाईल. आता साच्याच्या दोन आयबोल्टमध्ये (उचलण्यासाठी बसवलेल्या कडीच्या बोल्टमध्ये) १००० मिमी अंतर आहे असे समजू. दोन पायांची स्लिंग आडव्या रेषेशी ६० अंशांत ठेवली, तर साच्याच्या माथ्यावर ८६६ मिमी उंची लागते, म्हणजे हूक २८६६ मिमीवर हवा. तिथे दोन्हींपैकी एकही होइस्ट पोहोचत नाही.

कोन ४५ अंशांवर आणला, तर ५०० मिमी पुरतात आणि लो-हेडरूम होइस्टकडे कागदावर ७० मिमी उरतात, पण स्लिंग जोडायच्या कड्या, म्हणजे मास्टर लिंक आणि शॅकल, लावल्यावर तेही राहत नाहीत. शिवाय २ टनांच्या भाराला प्रत्येक पायावर सुमारे १.४ टन ताण येतो. कोन ३० अंशांवर नेला, तर उंची २८९ मिमीवर येते खरी, परंतु प्रत्येक पायावर पूर्ण २ टनांचा ताण पडतो आणि आयबोल्ट आतल्या बाजूला ओढले जाऊन वाकू लागतात. उंची वाचवण्यासाठी स्लिंग आखूड करण्याचा मोह फार होतो, पण त्याची किंमत आयबोल्ट आणि स्लिंग मोजतात.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की होइस्ट ठरवण्यापूर्वी लिफ्टिंग बीम ठरवावा. साच्यासाठी खास बनवलेला, मधोमध हूकची कडी आणि दोन्ही टोकांना सरळ खाली जाणारे आखूड दुवे असलेला बीम ३०० मिमीत बसू शकतो. त्यात प्रत्येक आयबोल्टवर उभा १ टन येतो. मग हूक २३०० मिमीवर असला तरी चालते. मात्र साधा होइस्ट नेमका तिथेच संपतो, तर लो-हेडरूममध्ये २७० मिमी हातात राहतात. या मोकळिकीसाठी जादा पैसे मोजावेत असे मला वाटते. लिफ्टिंग बीमचे वजनही होइस्टच्या २ टनांतच धरावे लागते, हे विसरू नये.

दुसरे उत्तर

वरील हिशेबाशी मी सहमत आहे. देखभालीच्या बाजूने काही गोष्टी जोडतो.

लो-हेडरूम रचनेत होइस्टचे धूड बीमखाली न लटकता बीमच्या बाजूला बसते आणि साखळी आडवी येऊन एका चाकावरून खाली वळते, त्यामुळे हूक जवळजवळ बीमच्या फ्लँजला (खालच्या आडव्या पट्टीला) येऊन भिडतो. याची दुसरी बाजू अशी की ट्रॉली लांब होते. आमच्याकडे असाच होइस्ट बसवला, तेव्हा पुरवठादाराने टोकाकडे हूक किती जवळ जातो हे माप दिले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. बसवल्यावर शेवटच्या मशीनच्या मध्यापासून हूक २०० मिमी अलीकडेच थांबू लागला. कामगार भार तिरका ओढून साचा जागेवर नेऊ लागले आणि काही महिन्यांतच साखळीचा गाइड (तिला सरळ ठेवणारा भाग) तडकला. साखळी काढून पाहिली, तेव्हा दुवे एकाच अंगाने चकाकत होते. मोनोरेल पुढे वाढवेपर्यंत ते मशीन आम्हाला बंद ठेवावे लागले. म्हणून हेडरूमसोबत हे टोकाचे माप नकाशावर लेखी मागून घ्यावे. मोनोरेलला वळण असेल, तर ट्रॉलीला चालणारी किमान त्रिज्याही विचारावी.

साखळी एका फॉलची (भार पेलणाऱ्या पदराची) आहे की दोन, हेही पाहावे. दोन फॉलमध्ये खालच्या हूकसोबत चाक असलेला ब्लॉक येतो, त्याची उंची हेडरूममध्ये भर घालते आणि उचलण्याचा वेग निम्मा होतो. एका फॉलचा २ टनी होइस्ट मिळत असेल, तर त्याचाही नकाशा मागवावा. साखळीची पिशवी भरल्यावर किती खाली लोंबते आणि मशीनला अडते का, हे जागेवर पाहावे.

हूक रोज अगदी वरच्या टोकापर्यंत जाणार असल्याने वरचा लिमिट स्विच (हूक टोकाला येताच मोटर थांबवणारा) असलाच पाहिजे. स्लिप क्लच हे अतिभारापासूनचे संरक्षण आहे. हूक वर आदळवून तो थांबवण्यासाठी क्लचवर विसंबू नये. आणि छताचा गर्डर या भारासाठी आखलेला नसेल, तर संरचना अभियंत्याकडून तपासून घेतल्याशिवाय त्याला काहीही टांगू नये.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. आज पुन्हा मोजमाप केले. आयबोल्टमधले अंतर १००० नसून ११५० मिमी आहे, म्हणजे ४५ अंशांच्या स्लिंगलाही ५७५ मिमी लागतील आणि तो पर्याय उरतच नाही. शिवाय मोनोरेलच्या वाटेत विजेची केबल ट्रे गर्डरच्या तळापासून ४०० मिमी खाली आली आहे. होइस्टचे धूड बीमच्या बाजूला असल्याने ते त्या ट्रेला आदळेल. ट्रे सरकवण्याचे काम आधी घेतले आहे. लिफ्टिंग बीमचा नकाशा आणि एका फॉलच्या लो-हेडरूम होइस्टचे टोकाचे माप, दोन्ही मागवले आहे. गर्डरची तपासणी झाल्यावरच मागणी नोंदवू.